डमीच्या डोक्यात न मावलेलं

चाकणच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या केंद्रात गाडी आदळवतात, तेव्हा पुढच्या सीटवरच्या डमीच्या, म्हणजे माणसाच्या पुतळ्याच्या, डोक्यातले संवेदक धक्का नोंदवतात. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या समोरासमोरच्या चाचणीत वेग ताशी ६४ किलोमीटर असतो आणि डोक्याच्या इजेचा अंदाज मुख्यतः ‘एचआयसी’ या आकड्यावरून बांधतात. या आकड्याचं मूळ डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात आहे. मृतदेहांच्या कवट्या आणि कुत्र्यांचे मेंदू यांवरच्या प्रयोगांतून तिथल्या संशोधकांनी, किती जोराचा धक्का किती मिलिसेकंद सोसवतो, याचा आलेख काढला. तो सरळ रेषेतल्या धक्क्याचा होता. नाशिक महामार्गावर गाडीला तिरका धक्का बसला तर डोकं नुसतं पुढे जात नाही, गर्रकन फिरतं.

फिरण्याने काय होतं, ते माकडांमुळे कळलं. जेनरेली आणि थिबो या संशोधकांनी १९८२ मध्ये ऱ्हीसस माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की डोकं कुठेही न आपटता नुसतं झटक्याने फिरलं तरी मेंदूवर रक्तस्राव होतो. कवटी फिरते, मेंदू मागे रेंगाळतो आणि मेंदूवरून वरच्या मोठ्या शिरेकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात. साकळलेलं रक्त जागा व्यापतं, कवटीतला दाब वाढतो आणि त्या दाबापुढे मेंदूला पुरेसं रक्त पोचत नाही. अपघातानंतर बोलत असलेला माणूस काही तासांनी का कोसळतो, याचं एक उत्तर इथे आहे.

माकडाचा मेंदू शंभरेक ग्रॅमचा, आपला तेराशेच्या पुढे; मग तिथलं इथे कसं लागू पडावं? आकड्यापुरता हा आक्षेप खराच आहे, कारण लहान मेंदूला इजा व्हायला कितीतरी जोरदार झटका लागतो. पण ताणलेली शीर तुटते, हे दोघांकडे सारखंच. संगणकावर भागेल म्हणावं, तर संगणकातला मेंदू खऱ्यासारखा वागतो का, हे ताडायला याच जुन्या नोंदी लागतात. क्रौर्याचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बबूनांवरच्या अशाच प्रयोगांच्या चित्रफिती १९८४ मध्ये बाहेर आल्या आणि पुढच्या वर्षी सरकारी निधी थांबला, ते योग्यच झालं. पण ज्या ज्ञानासाठी जनावरांनी इतकं सोसलं, ते अर्धंच वापरायचं, हे मला अधिक लागतं. एचआयसीच्या सूत्रात फिरण्याला आजही जागा नाही. फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक डमीच्या त्याच डोक्यात बसतो. गाडीला तारे देताना त्याचीही नोंद धरायला हवी.