निसर्ग काय शिकवितो?

अकरा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मध्य प्रदेशातील एका शहरात रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची लहानशी मंडळी आहे. चौथ्या पिढीतही तिची उपासना मराठीतच चालते. तेथे तीन दिवसांच्या शास्त्राभ्यासासाठी मी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी उतरलो होतो त्या घरी एक माता आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आवाज चांगला म्हणून उपासनेत गीत सुरू करण्याचे काम तिच्याकडे असे. दोन महिन्यांपूर्वी ते तिच्याकडून काढून घेण्यात आले होते. कारण तिचे केस. ते जेमतेम खांद्यांपर्यंत पोहोचत होते, आणि मंडळीतील काही वडीलधाऱ्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय उघडून तिला सांगितले होते की, केस वाढव, मग गायला उभी राहा.

"काका," ती मला म्हणाली, "दहावीनंतर मी केसांना कात्री लावलेली नाही. ते एवढ्यावरच थांबतात."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तसे तोंडाने बोललो नाही. "धीर धर बाळ, आज ना उद्या वाढतील," असे काहीतरी म्हणून, प्रार्थना करून दोघींना निरोप दिला. पण मनात हेच होते की केस म्हणजे गवत. कापले नाही तर वाढतच जाणार. जी "थांबतात" म्हणते ती काहीतरी लपवीत असली पाहिजे. ज्या अध्यायाचे मूळ ग्रीक मी कितीतरी वेळा वाचले होते, त्याच अध्यायाच्या छायेत बसून मी एका निरपराध मुलीला मनातल्या मनात खोटी ठरविले.

ती खरे बोलत होती. हे मला पुढे दोनेक वर्षांनी कळले, आमच्या मंडळीतील एका त्वचारोगतज्ज्ञ भगिनींशी सहज बोलता बोलता. त्यांनी जे समजावून दिले आणि नंतर मी जे वाचले, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व विचार त्यावर अवलंबून आहे.

आपल्या डोक्यावर साधारणपणे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीत रुजलेला असतो आणि प्रत्येक पिशवीचे स्वतःचे ऋतुचक्र असते. आधी वाढीचा काळ, मग दोन-तीन आठवड्यांचा आवराआवरीचा काळ, मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती. त्यानंतर जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवू लागतो. रोज विंचरताना पन्नास-शंभर केस कंगव्यात येतात ते याच क्रमाने. केस महिन्याला सुमारे एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे त्याची लांबी ठरते ती वाढीचा काळ किती चालतो यावर. डोक्यावर हा काळ बहुतेकांच्या बाबतीत दोन ते सहा-सात वर्षांचा असतो. सहा वर्षे मिळाली तर केस कमरेशी जातो. दोनच वर्षे मिळाली तर खांद्याशी थांबतो. भुवयांचे केस काही आठवडे ते काही महिनेच वाढतात, म्हणून कोणालाही भुवयांची वेणी घालावी लागत नाही.

मुळाला लांबी कळत नाही, काळ तेवढा कळतो. टोकाला कात्री लागली काय किंवा न लागली काय, त्याची वार्ता मुळापर्यंत जात नाही. त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीवच असतो. बाळाचे जावळ काढल्याने पुढे केस दाट येतात ही आपल्या घराघरांतील समजूतही त्यामुळे निराधार ठरते. वाढ थांबविण्याची खूण देणारा एक जनुक १९९४ मध्ये उंदरांत सापडला. तो बिघडला की उंदराची लव नेहमीपेक्षा बरीच लांब होते. २०१४ मध्ये, ज्यांच्या पापण्यांचे केस विलक्षण लांब वाढतात अशा काही कुटुंबांत याच जनुकातील बिघाड आढळला.

तेव्हा मानवी केसांना नैसर्गिक कमाल मर्यादा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर "आहे" असेच द्यावे लागते. मात्र ही मर्यादा मानवजातीला मिळून एक नाही. ती डोक्याडोक्यागणिक वेगळी आहे. चीनमधील शिए छ्यूपिंग या महिलेने १९७३ पासून, वयाच्या तेराव्या वर्षापासून, केस कापले नाहीत. मे २००४ मध्ये ते मोजले तेव्हा ५.६२७ मीटर, म्हणजे जवळजवळ साडेअठरा फूट भरले. भागाकार करून पाहिला तर वर्षाला अठरा सेंटिमीटर पडतात. वेग थोडा अधिक, पण नवल वेगाचे नाही. नवल हे की इतरांच्या मुळांना पाच-सहा वर्षांनी मिळणारी थांबण्याची खूण तिच्या काही मुळांना तीस वर्षे मिळालीच नाही. आपल्या प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची नोंद २०२३ मध्ये २३६.२२ सेंटिमीटर अशी झाली. त्या मध्य प्रदेशातील मुलीच्या डोक्यावर अशा नोंदीला लागणारा काळ देवाने दिलेला नव्हता, एवढेच.

(जटेचे काय, असे कोणी विचारील. जटेत गळलेला केस खाली पडतच नाही, जिवंत मुळाच्या केसांत गुंतून राहतो. त्यामुळे जटेची लांबी ही एका केसाची लांबी नव्हे. यल्लम्माच्या नावाने पोरींच्या डोक्यावर अशा जटा वागविल्या गेल्या, त्या "आपोआप आल्या" म्हणजे देवीची आज्ञा झाली असे मानून. त्यांना देवाला सोडून देण्यात आले. डोक्यावर जे दिसते ते देवाज्ञा म्हणून वाचण्याची खोड केवळ आपल्या मंडळ्यांतच आहे असे नाही.)

आता पौलाकडे वळू. करिंथकरांस लिहिताना तो विचारतो की, पुरुषाने केस वाढविणे लाजिरवाणे आणि स्त्रीने वाढविणे भूषणावह, हे निसर्गच तुम्हांला शिकवीत नाही काय? मूळ ग्रीक शब्द आहे "फ्युसिस". मराठीत तेथे "निसर्ग" वाचण्याची आपल्याला सवय आहे. पण मुळांच्या ऋतुचक्राचा जो निसर्ग वर पाहिला तो हे शिकवीत नाही. न कापलेले केस पुरुषाच्या डोक्यावरही तसेच वाढतात. आपल्या शीख बांधवांना विचारा. उतारवयात आम्हां पुरुषांपैकी पुष्कळांचा वाढीचा काळ आखडत जातो आणि टाळू उघडी पडते हे खरे, आणि आरशात ते मी रोज पाहतो. पण टक्कल पडणे हा पुरुषाचा सन्मान आहे असे पौलाने म्हटलेले नाही. नवल असे की स्त्री-पुरुषांत निसर्गाने केसांचा उघड भेद केला आहे तो दाढीत. पौलाच्या थोड्या मागाहून होऊन गेलेला स्तोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच दाढीवर आपला युक्तिवाद रचतो. पौल दाढीचे नावही काढीत नाही.

शिवाय खुद्द शास्त्रच आडवे येते. गणनाच्या सहाव्या अध्यायात नाजीराला वस्तरा लावण्याची मनाई आहे. ज्याचे केस वाढलेले, तो देवाला वाहिलेला. शमशोन हे त्याचे ठळक उदाहरण. स्वतः पौलाने किंख्रिया येथे नवस फेडताना डोके मुंडविले असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. कित्येक जण ते अक्विल्लाविषयी मानतात, पण बहुतेक जण पौलाविषयीच घेतात. नवसासाठी तत्पूर्वी त्याने केस वाढू दिले असणार, आणि किंख्रिया हे तर करिंथचेच बंदर. करिंथ ज्या द्वीपकल्पाच्या उंबऱ्यावर आहे, त्याच द्वीपकल्पात स्पार्टाचे योद्धे पाचशे वर्षांपूर्वी लांब केस अभिमानाने बाळगीत. थर्मोपिलीच्या रणभूमीवर ते केस विंचरीत बसलेले पाहून इराणी हेर चकित झाला असे हेरोडोटसने नोंदविले आहे. पाचशे वर्षांत निसर्ग बदलला नव्हता. करिंथ रोमन वसाहत झाले होते आणि रोमन पुरुष केस आखूड ठेवीत. मसाई लोकांत तरुण योद्धे केस वाढवून त्यांच्या वेण्या घालतात आणि स्त्रिया डोके भादरतात. ओडिशातील मलकानगिरीच्या डोंगरांत बोंडा स्त्रिया डोके भादरून त्यावर मण्यांच्या माळा घालतात, आणि तेच त्यांचे भूषण. १५४६ च्या आपल्या भाष्यात कॅल्विनने हे ओळखले होते. येथे पौल ज्याला निसर्ग म्हणतो ते त्या काळी रूढ झालेले शिष्टसंमत वळण होय, कारण फार पूर्वी पुरुष सर्वत्र केस वाढवीत, असे तो लिहितो.

मग भाषांतरात सरळ "रूढी" असे का घालू नये? हा प्रश्न माझ्यासाठी केवळ पुस्तकी राहिलेला नाही. आमचा गट एका आदिवासी बोलीत नव्या कराराचे काम करीत असताना या वचनापाशी आम्ही दोन दिवस अडलो. त्या बोलीत "निसर्ग" अशा अमूर्त अर्थाचा शब्दच नाही. "देवाने घडविले तसे" म्हणता येते, "उपजत" म्हणता येते, किंवा "लोकांची रीत" म्हणता येते. पहिला पर्याय आम्ही मोठ्याने वाचला, तेव्हा आमचे वयोवृद्ध सहायक, ज्यांच्या समाजात जुनी माणसे केसांचा बुचडा बांधीत, शांतपणे म्हणाले, "म्हणजे माझ्या आजोबांना देवाने चुकीचे केस दिले होते काय?"

आमच्यापैकी एका तरुण सहकाऱ्याने लगेच "रीत" हा शब्द पुढे केला. मला मोह झाला. पण भाषांतरकार हा पौलाचा वकील नव्हे. त्याने जेथे "फ्युसिस" लिहिले तेथे, आपल्याला अडचण होते म्हणून, दुसराच शब्द त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात हाच शब्द फार मोठ्या नैतिक विषयासंबंधाने येतो. येथे "रीत" म्हटले तर तेथेही तसेच का म्हणू नये, असे कोणी विचारले, तर काय सांगावे?

माझे उत्तर असे. शब्दाचा अर्थ शब्दकोशात नव्हे, वाक्यात राहतो. गलतीकरांस लिहिताना पौल स्वतःला "फ्युसिस"ने यहूदी म्हणवितो, तेथे अर्थ "जन्माने" एवढाच. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात देव रानटी जैतुनाची डहाळी चांगल्या झाडावर निसर्गाविरुद्ध कलम करतो. म्हणजे निसर्गाविरुद्ध जाणे हे तेथे देवाच्या कृपेचेच काम. पहिल्या अध्यायातील विवेचन मात्र निर्माणकर्ता आणि त्याची निर्मिती यांपासून सुरू होते. करिंथकरांस लिहिताना तसे नाही. तेथे पौल आधी वाचकांना म्हणतो, तुम्हीच ठरवा, आणि शेवट करताना म्हणतो, आमच्यात किंवा देवाच्या मंडळ्यांत तशी रीत नाही. निसर्गाचा उल्लेख या दोहोंच्या मध्ये येतो. आपल्याला जे इतके अंगवळणी पडले आहे की जणू उपजतच वाटते, त्याची तो आठवण देत आहे. असे उपजत वाटणे क्षुल्लक असते असे मी म्हणत नाही. शिष्टाचारावाचून मंडळी चालत नाही. पण ते बदलते, आणि ज्याचे ते बदलले नाही त्याला दुसऱ्याचे वागणे पापच दिसते.

आम्ही मजकुरात "उपजत" ठेवले आणि खाली टीप दिली. टीप वाचतात किती जण, हे मला पक्के ठाऊक आहे. त्या मताला मी हात वर केला, आणि तरीही पूर्ण समाधान नाही. कारण निसर्गाच्या नावाने दिलेल्या आज्ञेला उत्तर देणे फार कठीण असते. रूढीशी भांडता येते. "हे देवानेच असे घडविले" म्हटले की भांडणारा देवाशी भांडतो असे ठरते. आपल्या महाराष्ट्रात विधवांचे केशवपन शेकडो वर्षे चालले ते धर्माचा नियम म्हणून. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यांना वस्तरा न लावण्याचा निश्चय केला तेव्हा कोठे तो नियम माणसांच्या हातांनीच चालतो हे लोकांच्या डोळ्यांपुढे आले. पंडिता रमाबाईंनी अशा कितीतरी बालविधवांना आपल्या छायेत घेतले, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत संपूर्ण शास्त्र उतरविले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. या वचनापाशी बसताना मला नेहमी त्यांची आठवण होते. वस्तरा लावायला सांगणारा धर्म त्यांनी जवळून पाहिला होता. वस्तरा लावू नको म्हणून सांगणाऱ्या धर्माविषयी त्यांना काय वाटले असते?

प्रभूने केसांविषयी सांगितले आहे ते आपल्या डोक्यावरील केस मोजलेले आहेत इतकेच. लांबी मोजल्याचे सांगितलेले नाही. आणि काळजी करून कोणाला हातभर भर घालता येत नाही हेही त्यानेच सांगितले आहे. तेथील मूळ शब्दाचा अर्थ उंची की आयुष्य याविषयी आम्हां भाषांतरकारांत वाद आहे, पण केसांनाही ते तितकेच लागू पडते.

डॉक्टर भगिनींशी झालेल्या त्या बोलण्यानंतर मी त्या मुलीला पत्र लिहिले. तिचे म्हणणे खरे होते, मी विश्वास ठेवला नाही, याची क्षमा मागितली, आणि केसांच्या वाढीविषयी जे समजले तेही सविस्तर लिहिले. तिच्या पाळकसाहेबांनाही स्वतंत्र पत्र पाठविले. पाळकसाहेबांचे उत्तर आले नाही. मुलीचे दीड महिन्याने आले. तिचे लग्न ठरले होते, नागपूरला जाणार होती. रविवारच्या शाळेतील मुलांना ती नाताळची गीते शिकवीत होती, त्यांपैकी एका गीताच्या दुसऱ्या कडव्यातील एक जुना शब्द तिला कळत नव्हता, त्याचा अर्थ तिने विचारला होता. केसांचा उल्लेख पत्रात कोठेही नव्हता. मी शब्दाचा अर्थ कळविला.