आजींचा प्रश्न

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही धर्मग्रामात घरोघर जातो. अशाच एका घरी मधुमेहाने जर्जर झालेल्या आजींनी आम्हांला विचारले, “फादर, ही इन्सुलिनची सुई म्हणे जंतूंत माणसाचं काहीतरी घालून करतात. घेतली तर पाप तर नाही ना?” “मुळीच नाही, आजी,” असे म्हणून आम्ही आशीर्वाद दिला व निघालो. उत्तर चुकीचे नव्हते. पण ते फार घाईने दिले गेले, हे वाटेत जाणवले.

जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहानशी गोल कडी असू शकते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. एका विकराने ही कडी कापावी, मोकळ्या टोकांमध्ये परका जनुक बसवावा, दुसऱ्या विकराने सांधा जोडावा आणि कडी जीवाणूत सोडावी. जीवाणू वाढतो, दुभंगतो, आणि त्याच्याबरोबर त्या जनुकाच्याही असंख्य प्रती निघतात. स्टॅनली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ साली कॅलिफोर्नियात हे सिद्ध केले. कडी कोणत्या जीवाणूने स्वीकारली, हे कसे ओळखावे? कडीतच प्रतिजैविकाला दाद न देणारा जनुक असतो; औषध घातल्यावर जे तगतात, ते हवे असलेले. वस्तुतः अशा कड्यांची देवाणघेवाण जीवाणू आपसांत पूर्वापार करीत आले आहेत. रुग्णालयांत औषधे निकामी होतात, त्यामागेही हेच एक कारण आहे. तेव्हा केवळ सरमिसळ झाली म्हणून निर्मात्याची व्यवस्था मोडली, असे आम्हांला म्हणवत नाही.

शिवाय १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेतले गेले, तेव्हा त्यासाठीचे जनुक कोणा माणसाच्या देहातून काढलेले नव्हते. ते प्रयोगशाळेत रसायनांतून जुळवले होते. इन्सुलिनच्या दोन साखळ्या, एक २१ दुव्यांची व दुसरी ३० दुव्यांची, वेगवेगळ्या जीवाणूंत तयार करून मागाहून जोडल्या गेल्या. १९८२ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. त्याआधी इन्सुलिन डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढीत. त्याविषयी आजींनी आम्हांला कधी विचारल्याचे स्मरत नाही! देवाची प्रतिमा माणसात आहे, त्याच्या एखाद्या जनुकात नव्हे.

मग काळजीचे कारण कोठे आहे? पॉल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली काही प्रयोग आपण होऊन थांबवण्याचे आवाहन केले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये असिलोमार येथे सुमारे १४० जण विचारविनिमयास जमले. सेमिनरीत आम्हांला रोज रात्री सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करायला शिकवले होते. येथे ती कृतीच्या आधी झाली. या संयमाबद्दल आम्हांला मनापासून आदर वाटतो. तथापि तेथे मुख्य विचार झाला तो धोक्याचा: जंतू प्रयोगशाळेबाहेर निसटला तर काय? हे ज्ञान कोणाचे व कोणासाठी, हा प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी नव्हता. एकस्वाधिकाराचा, म्हणजे पेटंटचा, अर्ज तर नोव्हेंबर १९७४ मध्येच दाखल झाला होता. पहिले पेटंट १९८० साली मिळाले. त्यातून विद्यापीठांना मिळालेल्या कोट्यवधी डॉलरांनी पुढील संशोधनास हातभार लागला, हेही न्यायाने सांगायला हवे. परंतु याच इन्सुलिनचा शोध लागल्यावर १९२३ साली बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी आपले हक्क टोरँटो विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला दिले होते, याचा विसर पडू नये.

पुढल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजींना सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग फ्रिजच्या दारातल्या कुपीकडे पाहत म्हणाल्या, “माझं पोरगं आणून देतंय म्हणून बरं. ज्यांना कोणी नाही, त्यांना कोण देतं, फादर?”

या खेपेस आम्ही घाई केली नाही. त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलो.