भीष्माचें मौन आणि आमची बैठक

गोष्ट ऐकून झाली कीं तिच्यांतील माणसांचा न्याय करावयास बसणें, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. कीर्तन संपून बुक्का लावून घेतल्यावर देवळाच्या पायरीवर जी चर्चा रंगते, तींत हरिश्चंद्रानें तारामतीला विकावयास नको होतें असें म्हणणारा एक तरी निघतोच. टेलिव्हिजनवरील मालिका मिळून पाहणारीं माणसें याहून निराळें कांहीं करीत नाहींत. तरी पण या दुसऱ्या बैठकीकडे सुशिक्षित लोक किंचित् नाक मुरडून पाहतात. खोट्या माणसांच्या खोट्या भानगडींवर खरा वेळ कशाला दवडतां, असा त्यांचा सवाल असतो. मी स्वतः कित्येक वर्षें अशा बैठकींत नेमानें बसणारा मनुष्य असल्यामुळें या सवालाचें उत्तर देणें मला प्राप्त आहे. मात्र तो विचारणारांना वाटतो तितका सोपा नाहीं. आणि माझ्या बाजूनें तो किती अडचणीचा आहे, याची तर त्यांना कल्पनाही नसेल.

बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका ता. 2 ऑक्टोबर 1988 रोजीं दूरदर्शनवर सुरू झाली आणि 94 भाग होऊन ता. 24 जून 1990 रोजीं संपली. त्या वेळीं आमच्या वाड्यांत संच काय तो आमच्या घरीं. रविवारीं सकाळीं दाराशीं पायताणांचा ढीग पडे आणि माजघरांत चार बिऱ्हाडांचीं माणसें सतरंजीवर दाटीवाटीनें बसत. कथा सर्वांना ठाऊक होती. कर्णाचें चाक रुतणार आणि अभिमन्यु परत येणार नाहीं, हें आमच्या आजीला राही मासूम रझांनीं संवाद लिहिण्यापूर्वीं किती तरी वर्षें माहीत होतें. तरीही रस्ते ओस पडत. मला असें दिसतें कीं, लोक गोष्ट कळून घ्यावयास येत नव्हते, गोष्टीविषयीं बोलावयास येत होते. आणि बोलण्यासाठीं पुढचा रविवार उजाडेपर्यंत सहा दिवस मोकळे मिळत. 1984 सालीं सुरू झालेल्या 'हम लोग' मालिकेंत भागाच्या अखेरीस अशोककुमार स्वतः पडद्यावर येऊन प्रेक्षकांशीं चार शब्द बोलत. म्हणजे करणारांनाही हें गुपित समजलें होतें. रहस्यकथेची गोष्ट अर्थात् निराळी. 1993 सालीं 'ब्योमकेश बक्षी' लागत असे, तेव्हां मूळ कथेचें भाषांतर वाचून खुनी कोण तें आधींच सांगून टाकणाऱ्या एका सद्गृहस्थांना आम्हीं दोन आठवडे चहा दिला नव्हता.

द्यूतसभेचा भाग झाला त्या रविवारीं आमचीं जेवणें दोन वाजेपर्यंत लांबलीं. मी त्या वेळीं सतरा वर्षांचा होतों. म्हणजे न्यायाधीशाचें वय. दुर्योधन-दुःशासन हे माझ्या लेखीं किरकोळ गुन्हेगार. मुख्य आरोपी भीष्म. शेजारचे एक निवृत्त मास्तर आपल्या घरून सभापर्व घेऊन आले. त्यांत द्रौपदी सभेला जो प्रश्न विचारते तो अगदीं कायद्याचा आहे: युधिष्ठिर आधीं स्वतःला हरला, मग तिला पणास लावण्याचा अधिकार त्याला उरला होता काय? भीष्म म्हणतो कीं, धर्माची गति सूक्ष्म आहे, मला याचा निर्णय देतां येत नाहीं. धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकीं एकटा विकर्ण उठून द्रौपदी जिंकली गेलेली नाहीं असें सांगतो, आणि कर्ण त्याला पोरसवदा म्हणून गप्प करतो. पुढें विदुर बजावतो कीं, धर्म जाणणारा मनुष्य सभेंत असून प्रश्नाचें उत्तर देत नसेल, तर असत्याच्या पापाचा अर्धा वांटा त्याच्या पदरीं पडतो.

हा अर्धा वांटा हातीं लागतांच मीं तो भीष्माच्या माथीं मारला. मास्तर खुष झाले. परंतु आमचे अण्णा, जे एरव्हीं वादांत पडत नसत, ते एकाएकीं बोलले. "ज्याच्या अन्नावर घर चालतें त्याच्यासमोर उठून उभें राहणें म्हणजे काय, तें तुला पहिला पगार घेतलास म्हणजे कळेल." मीं त्यांना मनांतल्या मनांत भित्रे ठरविलें. तोंडानें कांहीं बोललों नाहीं. तरी तें त्यांना समजलें असावें, कारण पुढच्या रविवारीं ते आपली नेहमींची जागा सोडून मागच्या भिंतीशीं जाऊन बसले. त्यांच्या कचेरींत त्या वर्षीं काय चाललें होतें, हें मीं त्यांना कधींच विचारलें नाहीं. ते गेल्यावर विचारावयास कोणी उरलें नाहीं.

2013 सालीं तीच कथा स्टार प्लसवर नव्या थाटानें आली. मुलीच्या आग्रहास्तव तीही मीं पाहिली. जुनें तेवढें सोनें असें म्हणणारांपैकीं मी नव्हे. जुन्या मालिकेंतील बाण आकाशांत एकमेकांवर आपटून फुलबाजीसारखे विझत, तेव्हां आम्हीही हंसत होतों. नव्या मालिकेंतील द्रौपदीचा संताप मला कांहीं ठिकाणीं अधिक खरा वाटला. पण ती आठवड्याला पांच दिवस चाले. आज पाहिलेल्याविषयीं मत बनण्याच्या आंत उद्यांचा भाग येऊन पडे. आतां तर अख्खी मालिका एका रात्रींत संपविण्याची सोय झाली आहे. ती सोय मीही उपभोगितों, आणि सकाळीं डोळे चोळतांना कोणाविषयीं काय वाटलें हें मला सांगतां येत नाहीं.

मग मार्च 2020 मध्यें टाळेबंदी आली आणि ता. 28 पासून दूरदर्शनच्या भारती वाहिनीवर जुनें 'महाभारत' पुन्हां सुरू झालें. वाडा केव्हांच पडला होता. वाड्यांतलीं माणसें नागपूर, डोंबिवली, बंगळूर अशीं पांगलीं होतीं. तीं रात्रीं मोबाईलवर एकत्र जमूं लागलीं. मास्तर नव्हते, त्यांचे चिरंजीव होते. त्यांनीं वडिलांचें सभापर्व जपून ठेवलें होतें. द्यूतसभेचा भाग झाला. माझी मुलगी एकोणीस वर्षांची. तिनें भीष्मावर तेच आरोप केले, जवळजवळ माझ्याच शब्दांत. आणि मीं उत्तर दिलें. प्रतिज्ञा, सिंहासनाचें बंधन, राज्य फुटण्याची भीति, असें करीत करीत मी अन्नावर येऊन पोंचलों. डोंबिवलीचे काका म्हणाले, "बरोबर आहे, बाहेरून बोलणें सोपें असतें." मला बरें वाटलें. तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही भीष्माची बाजू मांडतां आहां कीं कोणा दुसऱ्याची?"

तिला कांहीं ठाऊक नव्हतें. दोन वर्षांपूर्वीं मी ज्या कचेरींत होतों तेथें वरिष्ठांच्या एका चुकीचा दोष माझ्या हाताखालच्या एका मुलीवर टाकण्यांत आला. चूक कोणाची, हें दाखविणारा कागद मीं पाहिलेला होता. ज्या सभेंत तिला जाब विचारला गेला तींत मी तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलों होतों. प्रकरण गुंतागुंतीचें आहे, असें कांहीं तरी मी बोललों. धर्माची गति सूक्ष्म आहे, याचें तें कचेरींतील भाषांतर. महिन्याभरांत ती नोकरी सोडून गेली. घरीं मीं हें कोणालाही सांगितलें नव्हतें.

आतां मूळ सवालाकडे येतों. कल्पित माणसांवर रागावण्यास कांहीं खर्च येत नाहीं, हा आक्षेप मला पूर्णपणें मान्य आहे. सतरंजीवर बसलेला प्रत्येक जण विकर्ण असतो. उलट, कल्पित माणसांच्या आडून जें बोलतां येतें तें समोरासमोर बोलतां येत नाहीं, हेंही तितकेंच खरें. अण्णांनीं मला आपल्या आयुष्याविषयीं जें एकच वाक्य सांगितलें, तें भीष्माच्या नांवानें सांगितलें. मला तें ऐकूं आलें नाहीं, हा दोष माझ्या कानाचा. मालिका नसती तर तेंही वाक्य मिळालें नसतें.

परंतु माझें कृत्य अण्णांच्याहून निराळें होतें. त्यांनीं आपलें दुःख आडून सांगितलें; मीं आडून निकाल मिळविला. आपण कोणाचा खटला ऐकत आहोंत हें ठाऊक नसलेल्या पंचांकडून मीं निर्दोष सुटका करून घेतली, आणि काका 'बरोबर आहे' म्हणाले तेव्हां ती खिशांत घातली. ती फसवणूक होती काय? काकांचें तर कांहीं गेलें नाहीं. तरी ती सुटका माझ्या उपयोगाची नव्हती, कारण निकाल भीष्माच्या परिस्थितीवर झाला होता. मीं कोणतीही प्रतिज्ञा केली नव्हती. माझ्यापुढें सिंहासन नव्हतें, राज्य फुटणार नव्हतें. माझी एक वेतनवाढ अडकली होती. भीष्माशीं स्वतःची तुलना करतांना मीं नेमकें तेवढेंच गाळलें होतें. दृष्टान्ताचा हा धोका आहे. तो आपल्याला मोठ्या माणसाचें पाप देतो, आणि मोठें पाप छोट्या पापापेक्षां सोसावयास सोपें जातें.

हें एका मित्राला सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, "मग काय, मालिकेविषयीं बोलण्यापूर्वीं प्रत्येकानें आपली कुलकथा सांगावी?" तसें केल्यास दुसऱ्या दिवशीं बैठकीला कोणी यावयाचें नाहीं, आणि अण्णांसारखी माणसें कधींच बोलावयाचीं नाहींत. आडपडदा राहिलाच पाहिजे. पण पडद्याआड जो बसला आहे त्यानें निदान आपल्या मनाशीं तरी, कोणाचें वकीलपत्र घेतलें आहे, हें विसरूं नये. माझ्या मुलीनें मला तें विसरूं दिलें नाहीं. तेंही पडद्यामुळेंच, कारण एरव्हीं असा प्रश्न ती मला विचारती ना.

त्या रात्रीं मीं तिला उत्तर दिलें नाहीं. चार दिवसांनीं दिलें. त्यानंतर आठवड्यानें, जुन्या वहींतून नंबर शोधून, त्या कचेरींतल्या मुलीला फोन केला. ती आतां माहेरीं होती आणि दुसरीकडे नोकरी करीत होती. तिनें प्रकृति विचारली, सर्व सुखरूप आहांत ना, म्हणाली. मग बोलणें खुंटलें, तेव्हां तिनेंच विचारलें, "सर, तुमच्याकडे महाभारत पाहतात का? आमच्याकडे सगळे पाहतात. कालच शरशय्या झाली." पाहतों, असें म्हटलें. मग ज्यासाठीं फोन केला होता तें बोललों, कागदाचें सुद्धां. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. नंतर ती म्हणाली कीं, संध्याकाळचा भाग सुरू झाला आहे, आई हांक मारीत आहे, उद्यां बोलूं. आणि फोन ठेवला.