किरण अडले तेव्हा

नोव्हेंबरची 10 तारीख. संध्याकाळचे पावणेसहा वाजत आलेले. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गर्दी आहे, पण एरवीसारखी देवीकडे डोळे लावून उभी नाही; सगळ्यांच्या नजरा फरशीवर खिळल्या आहेत. आतले दिवे मालवलेत. महाद्वारातून शिरलेला तांबूस उजेडाचा पट्टा गरुड मंडपातून पुढे सरकतो आहे, त्यात धूळ तरंगते आहे. कुणीतरी दबक्या आवाजात मुक्काम सांगत जातं. कासव चौक आला. पितळी उंबरा. चांदीचा उंबरा. कटांजन. मग एकदम हलकल्लोळ: ‘चरणस्पर्श झाला!’ पट्टा वर चढू लागतो, गुडघ्यांपर्यंत, कमरेपर्यंत, आणि तेवढ्यात देवीच्या डाव्या हाताला सरकून विझतो. घंटा वाजते, आरती होते. बाहेर पडताना जो तो एकच प्रश्न विचारतो, ‘आज किरण कुठवर गेले?’

या प्रश्नातला ‘आज’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. या किरणोत्सवाकडे पाहण्याची आपली नजर कशी बदलली, ते या एका शब्दात सापडतं.

लहानपणी आम्हाला सांगितलेली गोष्ट साधी होती. वर्षातून दोनदा सूर्यनारायण देवीला भेटायला येतो. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी चेहरा. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि नंतर 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी. चमत्काराला कारण विचारायचं नसतं, म्हणून कुणी विचारलं नाही. एक गोष्ट मात्र तेव्हाही डोळ्यांत भरायला हवी होती. नवरात्र, त्र्यंबोली यात्रा, रथोत्सव, सगळं तिथीवर चालणाऱ्या या देवळात हा एकच सोहळा इंग्रजी तारखेवर कसा?

उत्तर शोधायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे ते देवळात नाही, पंचांगाच्या भांडणात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 सालचा. ते सायन, म्हणजे ऋतूंवर आधारलेल्या गणनेच्या बाजूचे. वर्ष ताऱ्यांवरून मोजायचं की ऋतूंवरून, हा तो वाद. टिळकांनी 1904 मध्ये मुंबईत ज्योतिषांना एकत्र बसवलं, तरी भांडण मिटलं नाही. सामान्य माणसाला तो सारा शब्दांचा खेळ वाटला असेल. पण किरणोत्सव पक्का सायन आहे. सूर्य कुठे मावळतो हे ताऱ्यांवर नाही, ऋतूवर ठरतं, आणि इंग्रजी तारीखही ऋतूंनाच धरून चालते. संक्रांत ताऱ्यांशी बांधलेली, म्हणून दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. हजार वर्षांपूर्वी, आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने, ती नव्या वर्षाच्या तोंडावर येत असणार. किरण मात्र तिच्यामागे गेले नाहीत. पृथ्वीच्या आसाचा कल शतकाला 47 विकलांनी कमी होतो हे खरं, पण त्यामुळे मावळण्याच्या जागेत हजार वर्षांत सूर्यबिंबाच्या पाव भागाइतकाही फरक पडत नाही. ‘पृथ्वीचा आस हलला म्हणून किरण चुकतात’ असं चौकात कुणी छातीठोक सांगू लागलं, की मला हा आकडा आठवतो.

चमत्कारानंतर आला अभिमान. आमच्या पूर्वजांचं खगोलज्ञान! अभिमान चमत्कारापेक्षा बरा, निदान माणसाला श्रेय देतो. पण प्रश्न विचारण्याच्या बाबतीत तोही तितकाच आळशी. कोल्हापूरच्या अक्षांशावर वर्षभरात सूर्य पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना सुमारे साडेचोवीस अंशांपर्यंत सरकतो. या पट्ट्याकडे तोंड केलेल्या कुठल्याही सरळ, मोकळ्या वाटेत तो वर्षातून दोनदा डोकावणारच. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 1811 साली रस्त्यांची चौकट आखली ती जमीन आणि घरं यांच्या सोयीने. आज दर उन्हाळ्यात दोन वेळा सूर्य बरोबर रस्त्यांच्या मध्ये मावळतो आणि हजारो लोक फोटो काढतात. तिथे कुणा पूर्वजाने काही योजलं नव्हतं. उलट इजिप्तमधल्या अबू सिंबेलला मुद्दाम योजल्याची खूण दाट आहे. नाईलवरच्या धरणासाठी 1964 ते 1968 मध्ये ते मंदिर कापून उंचावर हलवलं, तेव्हा गाभाऱ्यात 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरच्या आसपास शिरणारा सूर्य जपणं हे त्या अभियंत्यांचंही काम होऊन बसलं.

आपलं देऊळ या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं? माझा कल योजनेकडे आहे, पण एका कारणासाठी. मूर्ती मधल्या काळातल्या धामधुमीत सुरक्षेसाठी हलवलेली होती आणि 1715 च्या विजयादशमीला तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. गरुड मंडप तर एकोणिसाव्या शतकातला, लाकडी. म्हणजे चालुक्य-शिलाहारांच्या दगडी देवळापुढे शेकडो वर्षांनी कुणीतरी खांब रोवले, आणि ते रोवताना मधली वाट सोडली. मूळ शिल्पींना काय ठाऊक होतं हे देवळाच्या दगडांतून कळणं कठीण. पण नंतर आलेल्यांनी ती वाट बुजवली नाही, एवढं डोळ्यांना दिसतं. हे खांब जीर्ण झाल्यामुळे अलीकडे मंडपाच्या नूतनीकरणाचं काम निघालं, तेव्हा ही सोडलेली वाट माझ्या मनात पुन्हा पुन्हा येत होती.

खरा बदल घडला तो किरण पोहोचेनासे झाल्यावर. देवळासमोरच्या महाद्वार रोडला मजले चढले, गच्च्यांवर टाक्या आल्या, फलक लागले. उजेड पायाशी येऊन थबकू लागला, कधी उंबऱ्यावरच विरू लागला. गावात हळहळ झाली, मग राग, मग अडथळ्यांच्या याद्या आणि महापालिकेकडे खेटे. या सगळ्यात कुणीतरी लक्समापक घेऊन उभं राहिलं. विवेकानंद महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मिलिंद कारंजकर यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन टप्प्याटप्प्यावर प्रकाशाची तीव्रता मोजली. देवस्थान समितीच्या कामकाजात अंश, आर्द्रता, धूलिकण हे शब्द आले. तीनच दिवस का, आधीचे-नंतरचेही पाहू, असं म्हणत निरीक्षण पाच दिवसांवर गेलं. किरण नेमाने पोहोचत होते तोवर आपल्याला त्यांच्याविषयी काही कळायची गरजच वाटली नव्हती.

हिशेब तसा घरी करता येतो. त्या संध्याकाळी सूर्यबिंब स्वतःच्या रुंदीएवढं खाली उतरायला सव्वादोन-अडीच मिनिटं घेतं. शंभर मीटरवरच्या इमारतीवर कुणी दोन मीटर उंचीची टाकी बसवली, की ती एक अंशाहून थोडं जास्त आकाश खाते. म्हणजे जवळपास पाच मिनिटं गेली. आणि ती शेवटची पाच मिनिटं, जेव्हा सूर्य सर्वांत खाली आणि म्हणून आतला पट्टा सर्वांत वर असतो. टाकीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. आपण टाकी बसवताना देवीचा चेहरा झाकतोय हे त्याला कोण सांगणार होतं?

हिशेब करता करता एक वेगळंच कोडं हाती लागलं, ते अजून सुटलेलं नाही. मावळता सूर्य आपल्याकडे सरळ खाली जात नाही, उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकत उतरतो. म्हणून आतला पट्टा वर चढता चढता देवीच्या डाव्या हाताला कलतो. 9 नोव्हेंबरला सूर्य दक्षिणेकडे थोडा कमी गेलेला असतो, त्यामुळे देवळाच्या रेषेत तो उंचावर असतानाच येतो. उजेड पायांवर पडतो आणि वर जाण्याआधी बाजूला सरतो. 11 तारखेला तो अधिक दक्षिणेला असतो, रेषेत येईतो बराच खाली उतरलेला असतो, म्हणून चेहरा. इथवर परंपरा आणि भूमिती हातात हात घालून चालतात. पण जानेवारीत सूर्य उलट, उत्तरेकडे परतत असतो. 11 नोव्हेंबरचा सूर्य जिथे मावळतो जवळपास तिथेच 31 जानेवारीचा मावळतो, आणि 9 नोव्हेंबरची जागा येते 2 फेब्रुवारीला. मग क्रमही उलटा हवा: आधी चेहरा, शेवटी पाय. परंपरा मात्र दोन्ही वेळा पायांपासूनच सुरुवात सांगते. नोव्हेंबरची दमट हवा आणि फेब्रुवारीची कोरडी धूळ यांनी काही फरक पडत असेल, अडथळ्यांनी पडत असेल. की भक्तीला चेहऱ्यापासून पायांपर्यंत उतरणं मान्यच नाही? दर्शन पायांपासून सुरू होतं, हे कुणाच्याही आजीला विचारा.

जाता जाता खिद्रापूरचं सांगायचा मोह आवरत नाही. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाच्या छताला गोल मोकळा झरोका आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्याच्या माथ्यावर येतो म्हणून लोक जमतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. कार्तिकी पौर्णिमेला सूर्य विषुववृत्ताच्या पंधरा ते बावीस अंश दक्षिणेला, तर चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला. आणि खिद्रापूर आहे सोळा पूर्णांक सात अंश उत्तरेवर. चंद्र डोक्यावर येणारच, काही अंश इकडेतिकडे. संध्याकाळी कोल्हापुरात गाभाऱ्यात शिरणारा सूर्य आणि मध्यरात्री खिद्रापुरात माथ्यावर येणारा चंद्र, दोन्ही साधारण एकाच आकड्याची दोन टोकं. हे कळलं त्या दिवशी मी कागदपेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि घरच्यांनी जेवायला बसा म्हणून तीनदा सांगितलं.

गेल्या 31 जानेवारीला मी पुन्हा रांगेत होतो. फेब्रुवारीच्या तोंडावर सूर्य नोव्हेंबरपेक्षा अर्धा तास उशिरा, साडेसहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे ताटकळणं जास्त. शेजारच्या मावशींना मी माझं कोडं सांगितलं, बोटांनी सूर्य करून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मग आज तोंडावर येनार म्हनता?”

“यायला पाहिजे.”

“बघू या की,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून फरशीकडे पाहू लागल्या. पट्टा तेव्हा कासवाच्या पाठीवर आला होता.