कार्टचा निम्मा भाग

कार्ट रेसिंग पाहणाऱ्याला वाटते, पळते ते इंजिन. माणूस तर नुसता बसलेला असतो. मग बसलेल्या माणसाला एवढ्या व्यायामाची गरज काय? याचे उत्तर कार्टच्या बांधणीत आहे, म्हणून आधी तिकडेच पाहू.

रेसिंग कार्ट म्हणजे पोलादी नळ्यांची चासी, चार टायर, इंजिन आणि सीट. स्प्रिंग नाही, शॉक अॅब्सॉर्बर नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, सीटबेल्टही नाही. डिफरन्शिअलही नाही. मागची दोन्ही चाके एकाच सलग अॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचे असते. दोन्ही चाके जमिनीला टेकून राहिली तर एक घासत जाते आणि कार्ट वळायचे सोडून सरळ रेटत राहते. कार्ट वळायची तर आतले मागचे चाक क्षणभर उचलले गेलेच पाहिजे.

ते कोण उचलते? काही काम पुढच्या चाकांची ठेवण करते, काही चासीचा लवचीकपणा करतो, आणि उरलेले ड्रायव्हरचे वजन करते. मोठ्यांच्या गटात कार्ट आणि ड्रायव्हर मिळून साधारण 150 ते 165 किलो भरतात. त्यात जवळजवळ निम्मा वाटा माणसाचा. सीट थेट चासीला बोल्टने आवळलेली. वळणावर शरीर बाहेरच्या बाजूला रेटले जाते, तो भार सीटमधून चासीत आणि तिथून बाहेरच्या मागच्या टायरवर उतरतो, आणि आतले चाक हलके होते. ड्रायव्हर हा असा कार्टचाच निम्मा भाग आहे, आणि थकू शकणारा एकमेव भाग आहे.

फेरीत 12 वळणे आणि शर्यत 20 फेऱ्यांची धरली, तर हे 240 वेळा घडते. पकड चांगली असलेल्या ट्रॅकवर बाजूचा जोर 2 जीपर्यंत, म्हणजे वजनाच्या दुपटीपर्यंत जातो. हेल्मेटसह साधारण 6 किलोचे डोके मानेला तेव्हा 12 किलोचे लागते. सीटची कड बरगड्यांत रुतते. म्हणून तर बरगड्यांचे संरक्षक कवच घालावे लागते. ट्रॅकच्या कडेच्या कर्बचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगमधून थेट तळहातात येतो. मुठी आवळून आवळून कोपराखालचे स्नायू फुगतात, कडक होतात आणि बोटांची जाण कमी होते. रेसिंगवाले याला ‘आर्म पंप’ म्हणतात.

आता पंधराव्या फेरीला ड्रायव्हरची कंबर खचली असे समजा. टायर तेच, चासी तीच. पण शरीर सीटमध्ये कलंडले, भार भलत्या वेळी भलत्या ठिकाणी पडू लागला. आतले चाक उशिरा उचलले जाते, कार्ट वळत नाही, म्हणून तो स्टिअरिंग जास्त ओढतो. पुढचे टायर घसरतात, हात आणखी थकतात. शर्यतीनंतर तो चासीच्या सेटिंगची तक्रार करतो, आणि मेकॅनिक अॅक्सल बदलून पाहतो. बिघाड असतो कंबरेत.

व्यायाम काय करावा, हे यावरूनच ठरते. पहिला क्रमांक पोट, पाठ आणि कंबर यांचा: प्लँक, बाजूचा प्लँक. मग मान: हाताचा किंवा रबरी पट्ट्याचा विरोध घेऊन डोके स्थिर धरणे. पकड जोरदार असण्यापेक्षा टिकाऊ हवी. दम टिकवण्यासाठी धावणे, सायकल, पोहणे, कारण शर्यतभर हृदय वेगाने चालत असते आणि एप्रिलच्या उन्हात जाड सूटखाली घामाच्या धारा लागतात. पाणी आदल्या दिवसापासूनच पीत राहावे लागते. दंड फुगवून मात्र फायदा नाही. नियमाप्रमाणे कमी पडणारे वजन शिशाच्या तुकड्यांनी भरून काढता येते, आणि शिसे हवे तिथे, खाली लावता येते. खांद्यावरचे मांस हलवता येत नाही. सात-आठ वर्षांची मुलेही कार्ट चालवतात. त्यांना वजने उचलायला लावू नयेत. धावणे, चढणे, खेळणे एवढे त्यांना पुरते.

कार्टमधली मेहनतही व्यायामच आहे, कारण हे सारे भार एकदम देणारे यंत्र जिममध्ये नसते. 2001 मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता असलेला मायकेल शूमाकर केर्पेनच्या आपल्या जुन्या ट्रॅकवर जागतिक कार्टिंग स्पर्धेच्या फेरीत उतरला होता, यातच कार्टचा मान कळतो.

एवढी ताकद कमवायची ती स्टिअरिंग ओढण्यासाठी नव्हे. ज्याला स्वतःची कंबर सावरते, त्याला स्टिअरिंगचा आधार घ्यावा लागत नाही. त्याचे हात सैल राहतात, आणि पुढचे टायर घसरू लागल्याची पहिली खूण सैल हातालाच कळते. बलाचे फळ हे असे हळुवारपणात मिळते. म्हणून कोल्हापुरात असो वा बंगळुरूत, मुलाला कार्टमध्ये बसवणाऱ्या पालकांनी नव्या इंजिनावर पैसे घालण्याआधी त्याच्या रोजच्या अर्ध्या तासाच्या व्यायामाकडे पाहावे. इंजिन विकत मिळते. कार्टचा हा निम्मा भाग घरीच, रोज थोडा थोडा घडवावा लागतो.