फळीतली वलये आणि कागदावरचा भाव

वळच्या कुठल्याही गाळ्यात शिरले की दृश्य तेच. दारात ट्रक मागे येतोय, क्लीनर पत्र्यावर थाप मारत 'येऊ दे, येऊ दे' ओरडतोय, आत छतापर्यंत खोकी रचलेली आणि प्रत्येक थप्पीच्या पायाशी एक लाकडी पॅलेट. भिवंडीच्या या गोदामपट्ट्यात, म्हणजे वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांत, मालाइतकेच लाकूड फिरत असते. पण त्याच्याकडे पाहतो कोण? बाहेर उन्हात टाकलेले एखादे रिकामे पॅलेट उलटे करून फळीचे कापलेले टोक निरखावे. चार बोटे रुंदीच्या फळीत जेमतेम पाच-सहा वलये, एकेक जवळपास करंगळीच्या नखाएवढे. वाड्याच्या जुन्या सागवानी चौकटीत तेवढ्याच जागेत तीस-चाळीस वलये सहज मोजता येतात.

फळीच्या कडेला बहुधा एक डागलेला शिक्का असतो: गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, एक क्रमांक आणि 'एचटी'. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला निदान अर्धा तास तापवले आहे, आतली कीड मेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. लाकूड कुठे तापवले ते शिक्का सांगतो, कुठे वाढले ते सांगत नाही. कांडल्याला उतरलेला परदेशी ओंडका गांधीधामच्या गिरणीत चिरला गेला आणि इथे 'आयएन' शिक्का लावून आला, असेही होते. पण फिकट रंग आणि रुंद वलये पाहिली की हे नैसर्गिक जंगलातले झाड नव्हे, एवढी शंका घ्यायला जागा असते. पाइनच्या रोपवनातले लाकूड असेच दिसते. आणि रोपवनातले पाइन असेल, तर ते किती वर्षांत किती वाढेल आणि किती पैसे देईल, याचा तक्ता कुणीतरी ते लावण्याआधीच मांडलेला असतो.

या तक्त्याचे पहिले अर्धे अंग म्हणजे वाढ. ते शास्त्र आहे आणि चांगले शास्त्र आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लॉब्लॉली पाइनची निवड १९५० च्या दशकात पद्धतशीर सुरू झाली. नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठात ब्रूस झोबेल यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये कागद कंपन्या आणि वनखात्यांची एक सहकारी संस्थाच उभी राहिली. जंगलातून सरळ, उंच, निरोगी झाडे हेरायची, त्यांच्या फांद्यांची कलमे करून बीजबागा लावायच्या, त्या बियांची संतती निरनिराळ्या जमिनींत तपासायची आणि त्यातल्या उत्तमांचा पुन्हा संकर करायचा. ज्वारी-कापसाच्या निवडीसारखेच हे काम, फक्त एका पिढीला दशक-दोन दशके लागतात. पहिल्या पिढीच्या बीजबागांतल्या बियांनी साध्या बियांपेक्षा एकरी ७ ते १२ टक्के जास्त लाकूड दिल्याचे तिथे मोजमापाने दिसले. न्यूझीलंडमध्ये मूळच्या कॅलिफोर्नियातल्या रेडिएटा पाइनवर अशीच मेहनत झाली आणि बियाणे गुणांकन लावून विकले जाऊ लागले. हा फायदा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद सुरू होतो तो ही टक्केवारी तक्त्यात कुठे आणि कितीदा घालायची यावर.

झाडांच्या वाढीचा अंदाज जमिनीच्या कसावर बांधतात आणि कस ओळखतात झाडांच्या उंचीवरून. अमुक वयाला रानातली वरची झाडे किती उंच झाली, यावरून जमिनीची प्रत ठरते आणि त्या प्रतीचा तक्ता उघडून पुढच्या वयाचे घनमीटर वाचायचे. आपल्याकडे सागासाठी लॉरी आणि बक्षी संत राम यांनी १९४० मध्ये असेच तक्ते केले: भारत-ब्रह्मदेशातल्या रोपवनांची मोजमापे, जमिनीच्या चार प्रती. आता समजा, शेजारच्या रोपवनातली झाडे सुधारित बियाण्याची आहेत आणि त्यांच्या उंचीवरून कोणी जमिनीची प्रत ठरवली. बियाण्याचा फायदा त्या उंचीत आधीच आलेला असतो. वर पुन्हा 'सुधारित बियाण्याचे दहा टक्के' जोडले की एकच गाय दोनदा विकली.

दुसरी चूक बांधावरच्या सागाची. विदर्भात किंवा मावळात शेताच्या बांधावरचा साग कसा फोफावतो, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. दोन्ही बाजूंनी ऊन, पिकाला दिलेले खत-पाणी आपसूक मिळालेले, शेजारी स्पर्धा करायला ज्वारी नाहीतर तूर. अशा झाडाचा घेर घेऊन त्याला एकरातल्या झाडांच्या संख्येने गुणले की कागदावर सोन्याचे रान उभे राहते. पाइनच्या चाचण्यांतही हाच घोळ मोठ्या विद्वत्तेने होऊ शकतो. उत्तम वाणाची एक ओळ साध्या वाणांच्या ओळींमध्ये लावली तर ती शेजाऱ्यांचे ऊन खाऊन पुढे जाते. सगळे रानच त्या वाणाचे असले की ऊन कुणाचे खाणार? म्हणून अनुभवी वनसंवर्धक ओळींच्या चाचणीतल्या आकड्यांवर विसंबत नाहीत, मोठे सलग तुकडे मागतात. तशा चाचण्यांना जागा, पैसा आणि धीर तिन्ही जास्त लागतात.

या चुका एकेकट्या असताना किरकोळच दिसतात. लाकडाचे घनमान ढोबळपणे व्यासाच्या वर्गाला उंचीने गुणून येते. व्यास आणि उंची दोन्हींत फक्त दहा-दहा टक्के आशावाद धरा. घनमान एक तृतीयांशाने फुगते. जगणाऱ्या झाडांची संख्या दहा टक्के जास्त धरा, जाड घेराचा म्हणून भाव दहा टक्के जास्त धरा, आणि अंतिम उत्पन्न खऱ्यापेक्षा ६१ टक्के जास्त निघते. एकाही ओळीत कोणी खोटे बोललेले नाही, प्रत्येकाने थोडा उत्साह दाखवला एवढेच.

मग येतो काळ. वीस वर्षांनी मिळणारा एक लाख रुपया आज किती मोलाचा? आठ टक्के दराने साधारण साडेएकवीस हजारांचा, बारा टक्क्यांनी सुमारे दहा हजारांचा. मार्टिन फाउस्टमान नावाच्या जर्मन वनाधिकाऱ्याने १८४९ मध्येच हा हिशेब जमिनीच्या अंगाने मांडला. जमीन कायम वनाखालीच राहणार आणि पीक पुन्हा पुन्हा घेतले जाणार असे धरले, तर आज त्या जमिनीचे मोल किती, हा त्याचा प्रश्न. त्याचे सूत्र वापरणारा जाणकार सुधारित बियाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. दहा टक्के जास्त लाकूड म्हणजे दहा टक्के जास्त पैसे. पण तोच ओंडका पंचविसाव्या वर्षाऐवजी बाविसाव्या वर्षी तयार झाला, तर आठ टक्के दराने त्याचे आजचे मोल २६ टक्क्यांनी वाढते. जाहिरातीत मात्र जाडी दिसते, तीन वर्षे दिसत नाहीत.

इथपर्यंत सगळे सुधारता येण्यासारखे आहे. खरी खोट तक्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या अंगात, भावात आहे. न्यूझीलंडची गोष्ट त्यासाठी ऐकण्यासारखी. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ठिपकेदार घुबडाला १९९० मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, तिथल्या सरकारी जंगलांतली तोड आक्रसली आणि १९९३ मध्ये प्रशांत महासागराच्या दोन्ही काठांवर ओंडक्यांचे भाव भडकले. न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांनी, डॉक्टर-वकिलांनी, छोट्या गुंतवणूकदारांनी त्या भावाकडे बघून टेकड्याच्या टेकड्या रेडिएटाने भरल्या. ते झाड तिथे साधारण अठ्ठावीस वर्षांत तोडीला येते. म्हणजे एका तेजीच्या भरात लागलेली सगळी झाडे एकाच सुमाराला, २०२० च्या आसपास, कापायला तयार. तिथले लोक या येऊ घातलेल्या लाटेला 'लाकडाची भिंत' म्हणू लागले. घुबडाचे कलम कोणत्याही तक्त्यात नव्हते, हे एक वेळ समजू शकते. पण शेजारीही आपल्यासारखाच तक्ता घेऊन बसला आहे, ही गोष्ट तक्त्याबाहेर कशी राहिली?

अमेरिकेच्या दक्षिणेत याहून मासलेवाईक घडले. १९८५ च्या शेतीकायद्याने झिजलेल्या जमिनी पिकाखालून काढायला अनुदान दिले आणि शेतकऱ्यांनी त्यातल्या पुष्कळशा जमिनीवर पाइन लावले. रोपे सुधारित, मशागत चांगली, झाडे अंदाजाप्रमाणे वाढली. ती मोठी होत असताना २००८ चा घरबांधणीचा बाजार कोसळला. भाव पडल्यावर मालकांनी तोड लांबवली आणि झाडे वाढतच राहिली, कारण झाडांना मंदी कळत नाही. नंतर घरे पुन्हा बांधली जाऊ लागली, तरी उभ्या पाइनचे भाव जुन्या शिखरावर परतले नाहीत. रानात लाकूड फार झाले होते. वाढीचा अंदाज खरा ठरला, म्हणूनच पैशाचा खोटा पडला. बियाणे सुधारणाऱ्यांचा यात काहीच दोष नाही. पण सगळ्यांना मिळालेला फायदा मालकाच्या खिशात राहत नाही, तो घाऊक भावातून लाकूड घेणाऱ्याकडे जातो. फायद्याच्या तक्त्यात ही ओळ सहसा नसते.

आपल्याकडे हा तक्ता पाइनऐवजी सागाचा होऊन आला. १९९० च्या दशकात वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिरातींत सागाची झाडे उभी असत: आज काही हजार भरा, वीस वर्षांनी मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण. मध्यमवर्गाने त्यात पैसा घातला. जमीन कुणी पाहिली नाही, झाड कुणी पाहिले नाही, पाहिले ते रंगीत प्रमाणपत्र. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स १९९८ मध्ये कोसळली. सरकारने १९९७ च्या अखेरीस अशा योजना 'सेबी'कडे सोपवायचे ठरवले आणि सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम १९९९ मध्ये आले. ही फसगत फक्त भारतीयांचीच होती, असा न्यूनगंड बाळगायचे कारण नाही. त्याच दशकात नेदरलँड्समध्ये एक विमा कंपनी कोस्टारिकातल्या सागावर गुंतवणूक विकत होती, एका प्रतिष्ठित निसर्गसंस्थेचा पाठिंबा मिरवून. त्यातले वाढीचे आकडे कसे फुगवलेले होते, यावर पॉल रोमाइन यांनी १९९९ मध्ये वागेनिंगेन विद्यापीठात प्रबंधच लिहिला.

योजना गेल्या, भाषा उरली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्करेन्हास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास सागाची रोपे ऊतिसंवर्धनाने वाढवून दाखवली. ते मोठेच काम होते. पण त्यातला 'टिश्यू कल्चर' हा शब्द पुढे रोपे विकणाऱ्यांच्या हाती पडला आणि त्याचा मंत्र झाला. ऊतिसंवर्धन म्हणजे झाडाची हुबेहूब नक्कल. मूळ झाड चांगले असेल तर नक्कल चांगली, आणि तेही मूळ झाडाला मानवलेल्या जमिनीत. झटपट जाड झालेल्या तरुण सागात बाहेरचे पांढरे लाकूड जास्त आणि पक्क्या गाभ्याचे कमी, हे मंत्र विकणारा सांगत नाही. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी वाजतगाजत निघाला तो चंद्रपूर-गडचिरोलीचा साग होता. त्या भागाच्या सागाचे नाव आहे ते सावकाश भरलेल्या गाभ्यामुळे, आणि त्याच नावाचा भाव कोवळ्या रोपांच्या पत्रकात लावलेला असतो. शिवाय साग अनुसूचित झाड आहे. झाडे तोडण्याबाबतच्या १९६४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली स्वतःच्या शेतातला सागही परवानगीशिवाय पाडता येत नाही, आणि पाडल्यावर वाहतुकीचा परवाना वेगळा. या हेलपाट्यांत जाणारा वेळ आठ टक्क्यांनी धरला, तर तेही खर्चाचेच कलम आहे.

मग अंदाज करूच नये का? करावा, पण एका आकड्याचा नव्हे. तीन भाव, तीन दर आणि जगणाऱ्या झाडांची तीन टक्केवारी घेऊन येणारे सगळे निकाल शेजारी शेजारी मांडावेत आणि सगळ्यात वाईट निकाल पत्रकाच्या पहिल्या पानावर छापावा. मोजणारा माणूस रोपे विकणाऱ्याच्या पगारावर नसावा. हे जो करील त्याचे रोप कदाचित कमी खपेल, हे मान्य.

वळमध्ये फाउस्टमानचा हिशेब कधीच सुटला आहे. जिथे भात लागत होता तिथे चौरस फुटाच्या भाड्याने गाळे जातात, आणि कोणतेही सुधारित बियाणे या भाड्याशी बरोबरी करणार नाही. झाडे लागतात ती जमीन स्वस्त असते तिथे, आणि चिरून, तापवून, खिळे ठोकून इथे येतात. काही खेपांनंतर फोर्कलिफ्टच्या दात्यांनी फळ्या फाटतात, ठोकळे निखळतात. दुरुस्तीवाला चांगल्या फळ्या उपटून बाजूला लावतो. उरलेल्यांचा ढीग गाळ्यामागे साचतो आणि टेम्पो आला की जळणाचे लाकूड म्हणून काट्यावर चढतो, वलये न मोजता, किलोच्या भावाने.