वारसा आणि ऋण

वडिलार्जित घर, शेत आणि नाव आपण आनंदाने स्वीकारतो. परंतु ते मिळविताना सृष्टीकडून जे घेतले गेले, त्याचे देणेही वारसाकडे येते काय? ब्राझिलचे विख्यात छायाचित्रकार सेबास्तियांव साल्गादो (१९४४–२०२५) यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

साल्गादो यांचे बालपण मिनास जेराईस प्रांतात, वडिलांच्या गुरांच्या कुरणावर गेले. सात बहिणींचे ते एकटे भाऊ. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, तेव्हा त्या जमिनीचा निम्म्याहून अधिक भाग अरण्याने व्यापलेला होता. पुढे ती जमीन त्यांच्या हाती आली, तेव्हा अरण्य नावापुरते उरले होते आणि झरे आटले होते. १९९४ साली रवांडातील नरसंहाराची छायाचित्रे घेऊन मनाने व देहाने खचलेले साल्गादो अशा उजाड भूमीवर परतले. येथे अरण्य पुन्हा उभारावे, ही कल्पना त्यांच्या पत्नी लेलिया यांची. १९९८ साली उभयतांनी त्यासाठी संस्था स्थापन केली. आजवर तेथे वीस लाखांहून अधिक देशी रोपे लागली असून झरे वाहू लागले आहेत व पक्षी परतले आहेत.

साल्गादो यांनी वडिलांस दोष दिला असता तर? ते सोपे होते. पण त्याच जमिनीच्या उत्पन्नावर ती भावंडे वाढली होती. ज्या ताटात जेवलो त्या ताटास नावे ठेवून हात धुता येत नाहीत. ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून स्वस्थ बसणे, हाही मार्ग मोकळा होता. तथापि पूर्वजांचा दोष काळावर घालता आला तरी उजाड जमीन आपल्याच वाट्यास राहते.

कोणी म्हणेल, साल्गादो कीर्तिमान होते, त्यांस द्रव्यसाह्य मिळाले. सामान्य गृहस्थाने काय करावे? आक्षेप खरा आहे. परंतु जितका वारसा तितकेच ऋण. ज्यास एक बांध मिळाला, त्याच्यावर एका बांधाचेच देणे. शिवाय, निष्कलंक सृष्टीची अपूर्व छायाचित्रे जगास दाखविणाऱ्या या कलावंतासही केवळ चित्रांवर भागविता आले नाही. खड्डे खणावेच लागले.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, आपल्या विहिरीकाठी, परसात वा बांधावर पूर्वी काय होते, हे घरातील वृद्धांस एकदा विचारावे. त्यांच्या उत्तरातच आपले देणे किती, ते कळून येईल.